गट पाच, जोड्या दहा: सरासऱ्यांची तुलना करताना दुरुस्ती कोणती आणि कशी लावायची

अनेक गटांच्या सरासऱ्या एकत्र तपासणाऱ्या ॲनोव्हाच्या तक्त्यात एफ या आकड्याचं पी-मूल्य (प्रत्यक्षात फरक नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगानं दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली आलं की काम संपलं असं वाटतं, पण खरं काम तिथून सुरू होतं. सगळ्या गटांच्या सरासऱ्या सारख्या नाहीत, एवढंच एफ सांगतो. कोणता गट कोणापेक्षा वेगळा आहे, याबद्दल तो गप्प असतो. मग आपण एसपीएसएस या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये 'पोस्ट हॉक'ची, म्हणजे नंतरच्या तुलनांची, खिडकी उघडतो आणि समोर अठरा पर्याय येतात. त्यातला कोणता निवडला असं विचारलं, तर बहुतेक वेळा उत्तर मिळतं, 'आधीच्या प्रबंधात होता तोच'.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे. आकडे तेच ठेवून फक्त पद्धत बदलली, तर 'लक्षणीय', म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सोडून न देता येणाऱ्या, जोड्यांची संख्या एकपासून चारपर्यंत कशी हलते, ते त्यात दिसेल. त्यावरून माझं म्हणणंही स्पष्ट होईल: पद्धत आकड्यांवरून निवडायची नसते, आकडे हाती येण्याआधी विचारलेल्या प्रश्नावरून निवडायची असते. प्रश्न नीट लिहिला असेल, तर अठरापैकी पंधरा-सोळा पर्याय आपोआप गळतात.

अडचण नेमकी कुठे आहे

दोन सरासऱ्यांची तुलना करणाऱ्या एका टी-चाचणीत आपण ५ टक्के धोका पत्करतो. म्हणजे दोन गटांत प्रत्यक्षात काहीच फरक नसताना 'फरक आहे' असं म्हणण्याची शक्यता ५ टक्के. गट तीन झाले की जोड्या तीन, चार झाले की सहा, पाच झाले की दहा. गटांची संख्या गुणिले त्याहून एक कमी, भागिले दोन, असा साधा हिशेब आहे. गट आठ असतील तर जोड्या २८ होतात.

दहा चाचण्या प्रत्येकी ५ टक्क्यांवर केल्या, तर निदान एक तरी खोटा फरक सापडण्याची शक्यता किती? पाठ्यपुस्तकांत याचं उत्तर १ − (०.९५)^१० म्हणजे सुमारे ४० टक्के असं दिलेलं असतं. ते चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर बरोबर. पण अ-ब, अ-क आणि अ-ड या तिन्ही तुलनांत अ ची सरासरी एकच असते, त्यामुळे त्या स्वतंत्र नसतात. नमुना मोठा असेल तर पाच गटांच्या सगळ्या जोड्यांसाठी खरा आकडा सुमारे २९ टक्के येतो. तीन गटांसाठी सुमारे १२ आणि चार गटांसाठी सुमारे २०. चाळीसपेक्षा कमी आहे खरा, पण पाचाच्या जवळपासही नाही. हा वाढलेला धोका आवरण्यासाठी लक्षणीय ठरण्याची अट कडक करणं म्हणजेच दुरुस्ती.

तुलना हजारांत गेल्या की काय होतं, याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे २००९ सालचा मेलेला सॅमन मासा. क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मेंदूतली हालचाल टिपणाऱ्या एफएमआरआय यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रं 'दाखवली' आणि कसलीही दुरुस्ती न करता विश्लेषण केलं. माशाच्या मेंदूत हालचाल दिसली! दुरुस्ती लावल्यावर ती नाहीशी झाली. या कामाला २०१२ साली इग्नोबेल हे गमतीशीर संशोधनाचं पारितोषिक मिळालं. आपल्याकडे दहाच जोड्या असतात म्हणून विनोद इतका उघड होत नाही, एवढाच फरक.

पहिली पायरी: प्रश्न कागदावर लिहा

संगणक उघडण्याआधी, शक्यतो प्रयोग सुरू होण्याआधी, खालीलपैकी तुमचा प्रश्न कोणता ते ठरवा.

पहिला प्रकार: प्रत्येक गटाची प्रत्येकाशी तुलना हवी आहे. दुसरा: एक नियंत्रण गट आहे आणि बाकीच्यांची तुलना फक्त त्याच्याशी करायची आहे. तिसरा: सिद्धांतातून आलेल्या दोन-चार ठरावीक तुलनाच हव्या आहेत. चौथा: आकडे पाहिल्यावर जे लक्षवेधी वाटेल ते तपासायचं आहे, त्यात 'अ आणि ब मिळून विरुद्ध बाकी तिघं' अशा मिश्र तुलनाही येतील.

दुसऱ्या प्रकारचा प्रश्न असूनही पहिल्या प्रकारची पद्धत वापरणं ही सगळ्यात जास्त दिसणारी उधळपट्टी आहे. पाच गटांपैकी एक नियंत्रण असेल तर तुलना चारच लागतात. दहांची किंमत मोजून चारच वापरल्या, तर खरे फरक हातचे जातात. याच्या उलट, चौथ्या प्रकारचं काम करून ते तिसऱ्या प्रकारचं म्हणून लिहिणं ही उधळपट्टी नव्हे, लबाडी आहे.

मग 'कुटुंब' ठरवा, म्हणजे कोणकोणत्या तुलना एकत्र मोजायच्या ते. एका प्रयोगातल्या एका मोजमापावरच्या तुलना हे साधारणपणे एक कुटुंब धरतात. झाडाची उंची, पानांची संख्या आणि मुळांचं वजन अशी तीन मोजमापं असतील आणि प्रत्येकाचा निष्कर्ष स्वतंत्रपणे मांडायचा असेल, तर तीन कुटुंबं धरणं मला मान्य आहे. पण 'तिघांपैकी कशात तरी फरक दिसला की खत चांगलं' असा दावा करायचा असेल, तर तिन्हींचं मिळून एकच कुटुंब. याबद्दल सगळ्यांचं एकमत नाही. साथरोगशास्त्रज्ञ केनेथ रॉथमन यांनी १९९० साली अशा दुरुस्त्यांची गरजच नाही, अशी बाजू मांडली होती. शोधक टप्प्यावर त्यात तथ्य आहे, पण निर्णय घ्यायच्या प्रयोगाला ती ढाल म्हणून वापरता येत नाही.

आणखी एक गोष्ट इथेच तपासा, कारण पुढे कोणी विचारत नाही. तुमचे गट म्हणजे एकाच गोष्टीच्या वाढत्या मात्रा आहेत का? ०, २५, ५०, ७५, १०० ग्रॅम असे गट असतील, तर हा लेख इथेच बाजूला ठेवा. मात्रा वाढत जाते तसा परिणाम कसा बदलतो, हा तिथला प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर रिग्रेशननं (आकड्यांतून रेषा बसवून) किंवा ट्रेंड कॉन्ट्रास्टनं (सरासऱ्यांचा कल तपासून) मिळतं. '५० आणि ७५ यांत लक्षणीय फरक नाही, पण ५० आणि १०० यांत आहे' हे वाक्य चुकीचं नसतं, फक्त निरुपयोगी असतं. जोडीवार तुलना शोभते ती वेगवेगळ्या जातीच्या गटांना: पाच निरनिराळी मिश्रणं, चार शिकवण्याच्या पद्धती, तीन औषधं.

दुसरी पायरी: प्रसरण आणि गटांचे आकार पाहा

नेहमीच्या पद्धती सगळ्या गटांचं अंतर्गत प्रसरण, म्हणजे गटातल्या नोंदींचा विखुरलेपणा, सारखं आहे असं धरून चालतात आणि त्याचा एकच एकत्रित अंदाज वापरतात. गटांचे आकार सारखे असतील, तर प्रसरणातला थोडाफार फरक खपून जातो. आकारही वेगळे आणि प्रसरणही वेगळं, अशी जोडगोळी मात्र धोक्याची. लहान गटाचं प्रसरण मोठं असेल तर खोटे फरक भराभर सापडतात.

अशा वेळी साध्या ॲनोव्हाऐवजी वेल्शचा ॲनोव्हा (सारखं प्रसरण गृहीत न धरणारा) आणि जोड्यांसाठी गेम्स-हॉवेल. गेम्स-हॉवेल १९७६ सालची आहे. ती प्रत्येक जोडीसाठी त्या दोन गटांचंच प्रसरण वापरते. गट अगदी लहान असतील, प्रत्येकी पाच-सहा नोंदींचे, तर ती जरा सैल पडते, तेव्हा एसपीएसएसमध्ये तिच्याच रांगेत असलेली डनेट टी-थ्री जास्त सावध.

फक्त आकार वेगळे असतील आणि प्रसरण सारखंच असेल, तर घाबरायचं कारण नाही. टुकीच्या पद्धतीचं (ती चौथ्या पायरीत येते) क्रेमरनं १९५६ साली केलेलं रूप त्यासाठीच आहे आणि बहुतेक सॉफ्टवेअर ते न सांगता वापरतात.

तिसरी पायरी: उदाहरण मांडून घ्या

पाच गट घेऊ. अ म्हणजे नियंत्रण, ब, क, ड, इ म्हणजे चार वेगवेगळी मिश्रणं. प्रत्येक गटात ८ रोपं, एकूण ४०, मोजमाप उंचीचं, सेंटिमीटरमध्ये. आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत.

| गट | सरासरी उंची |
|---|---|
| अ | ५०.० |
| ब | ५३.२ |
| क | ५६.५ |
| ड | ५८.४ |
| इ | ६२.० |

गटांतर्गत सरासरी वर्ग, म्हणजे गटांच्या आतल्या प्रसरणाचा एकत्रित अंदाज, ज्याला एमएसई म्हणतात, तो ३६ आणि त्याचे स्वातंत्र्यांश (४० नोंदींतून ५ गट वजा) ३५. गटांमधला सरासरी वर्ग १७१.७ येतो, म्हणून एफ ४.७७ आणि त्याचं पी-मूल्य ०.००५ पेक्षा कमी.

आता एकच आकडा काढून बाजूला लिहून ठेवा: दोन सरासऱ्यांमधल्या फरकाची प्रमाण त्रुटी, म्हणजे तो फरक योगायोगानं साधारण किती हलू शकतो ते. एमएसईला २ नं गुणायचं, गटाच्या आकारानं भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. ३६ × २ ÷ ८ = ९, वर्गमूळ ३. म्हणजे कोणत्याही जोडीच्या फरकाची प्रमाण त्रुटी ३ सेंटिमीटर.

नावं कितीही भारदस्त असली, तरी एकाच टप्प्यात निकाल देणाऱ्या सगळ्या पद्धती एकच काम करतात: या ३ ला एका गुणकानं गुणतात. उत्तर येतं ती सीमा. फरक सीमेपेक्षा मोठा असेल तर लक्षणीय. पद्धतींमधलं भांडण आहे ते फक्त गुणक किती मोठा असावा याचं.

| पद्धत | गुणक | सीमा | लक्षणीय जोड्या |
|---|---|---|---|
| फिशर एलएसडी | २.०३ | ६.०९ | अ-इ, ब-इ, अ-ड, अ-क |
| डनेट, फक्त अ शी तुलना | २.५६ | ७.६८ | अ-इ, अ-ड |
| टुकी | २.८७५ | ८.६३ | अ-इ, ब-इ |
| बॉनफेरोनी, दहा तुलना | २.९९६ | ८.९९ | अ-इ |
| शेफे | ३.२५ | ९.७५ | अ-इ |

पडताळायचं असेल तर फरक असे: अ-इ १२.०, ब-इ ८.८, अ-ड ८.४, अ-क ६.५. उरलेल्या सहाही जोड्यांचे फरक ५.५ किंवा त्याहून कमी आहेत, ते कोणत्याच पद्धतीत लागत नाहीत, म्हणजे लक्षणीय ठरत नाहीत.

चौथी पायरी: प्रश्नाप्रमाणे पद्धत

*सगळ्या जोड्या हव्या असतील: टुकी.* जॉन टुकींनी ही पद्धत १९५३ सालच्या एका हस्तलिखितात मांडली. ते बरीच दशकं छापलं न जाता हातोहात फिरत होतं. कल्पना अशी: सगळ्यात मोठी आणि सगळ्यात लहान सरासरी यांच्यातलं अंतर निव्वळ योगायोगानं किती वाढू शकतं, ते शोधा. तेवढं अंतर पेलणारी सीमा बाकी जोड्यांना आपोआप पुरते. तक्त्यात पाहायचा तो 'स्टुडंटाइज्ड रेंज'चा क्यू. पाच गट आणि ३५ स्वातंत्र्यांशांसाठी तो सुमारे ४.०६६ आहे. सावधान, हा क्यू थेट ३ ला लावायचा नसतो. तो एका सरासरीच्या प्रमाण त्रुटीला लावायचा असतो, म्हणजे ३६ ÷ ८ च्या वर्गमूळाला, जे २.१२ आहे. किंवा क्यूला २ च्या वर्गमूळानं भागा, २.८७५ मिळेल, आणि मग ३ नं गुणा. हातानं हिशेब करताना उत्तर हमखास बिघडतं ते याच जागी.

सगळ्या जोड्यांसाठी बॉनफेरोनीपेक्षा टुकी सरस असते, कारण जोड्या एकमेकींशी गुंतलेल्या आहेत ही माहिती ती वापरते. उदाहरणात ब-इ जोडी टुकीत लागते, बॉनफेरोनीत सुटते, ती यामुळेच.

*नियंत्रणाशीच तुलना हवी असेल: डनेट.* चार्ल्स डनेट यांनी १९५५ साली हेच काम डोळ्यांसमोर ठेवून तक्ते दिले. चारच तुलना असल्यानं गुणक २.५६ वर येतो. अ-ड हा ८.४ चा फरक टुकीत निसटला होता, इथे सापडतो. मात्र ब-इ बद्दल आता एक शब्दही बोलता येणार नाही. तो प्रश्न तुम्ही विचारलाच नव्हता. प्रयोग आखतानाच डनेट ठरलेली असेल, तर नियंत्रण गटात थोडी जास्त रोपं ठेवणं फायद्याचं, कारण तो गट प्रत्येक तुलनेत असतो.

*थोड्या, आधी ठरवलेल्या तुलना: बॉनफेरोनी किंवा होल्म.* मुळातली असमानता (संभाव्यतेच्या गणितातला एक नियम) इटालियन गणिती कार्लो बॉनफेरोनी यांची, १९३६ सालची. सरासऱ्यांच्या तुलनेसाठी ती वापरात आणली ऑलिव्ह जीन डन यांनी, १९६१ साली. तुलनांची संख्या मोजा, ०.०५ ला तिनं भागा, आणि प्रत्येक पी-मूल्य त्या आकड्याशी ताडून पाहा. तुलना एकमेकींशी कशा गुंतल्या आहेत याची तिला पर्वा नाही, म्हणून ती कुठेही चालते. तुलना वाढल्या की मात्र ती फार कंजूष होते.

स्टुरे होल्म यांनी १९७९ साली यातच एक सुधारणा केली, आणि ती इतकी फुकटची आहे की फक्त पी-मूल्यं ताडायची असतील तिथे साधी बॉनफेरोनी वापरायला मला कारणच दिसत नाही. पी-मूल्यं लहानाकडून मोठ्याकडे लावा. पहिलं ०.०५ ÷ १० शी ताडा. ते लागलं तर दुसरं ०.०५ ÷ ९ शी, तिसरं ०.०५ ÷ ८ शी, असं पुढे. जिथे एक अडलं तिथे थांबा. पुढचं सगळं नापास. उदाहरणात पहिलं अ-इ, सुमारे ०.०००३, सहज पास. दुसरं ब-इ, ०.००५९; सीमा ०.००५६. थोडक्यात हुकलं, आणि तिथेच थांबायचं. होल्मनं बॉनफेरोनीत लागलेली जोडी कधीच सुटत नाही, झाली तर भरच पडते. या आकड्यांत पडली नाही, इतकंच.

होल्मची एक मर्यादा आहे: टुकी किंवा बॉनफेरोनी जसे सगळ्या फरकांचे एकत्रित कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावा ते अंतर) सरळ देतात, तसे ती देत नाही. इंटरव्हल द्यायचेच असतील तर हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

*आकडे पाहून सुचलेल्या मिश्र तुलना: शेफे.* हेन्री शेफे यांची ही पद्धतही १९५३ चीच. गुणक काढायचा असा: गटांच्या संख्येतून एक वजा करा, त्याला एफच्या सीमांकानं (तक्त्यातल्या ५ टक्क्यांच्या आकड्यानं) गुणा आणि वर्गमूळ घ्या. ४ × २.६४ चं वर्गमूळ ३.२५. जगातली कोणतीही तुलना, कितीही तिरपागडी, या एका गुणकात सामावते. म्हणूनच नुसत्या जोड्यांसाठी ती वापरणं म्हणजे निष्कारण जास्त भरपाई.

आधी ठरवणं आणि नंतर सुचणं यातला फरक किती महाग पडतो, ते पाहा. 'नियंत्रण विरुद्ध चारही मिश्रणांची मिळून सरासरी' ही तुलना घेऊ. चार मिश्रणांची सरासरी ५७.५२५, फरक ७.५२५. प्रमाण त्रुटी: ३६ × (१/८ + १/३२) चं वर्गमूळ, २.३७. फरकाला प्रमाण त्रुटीनं भागलं की टी येतो ३.१७. ही तुलना आधीच लिहून ठेवलेल्या तीन तुलनांपैकी एक असेल, तर बॉनफेरोनीचा गुणक फक्त २.५१, निकाल स्पष्ट लक्षणीय. हीच तुलना आलेख पाहून सुचली असेल, तर शेफेचा गुणक ३.२५ आणि निकाल नापास. आकडे तेच आणि टीसुद्धा तोच. बदलली ती फक्त प्रश्न विचारण्याची वेळ.

*गट खूप असतील आणि चाळणी लावायची असेल: बेंजामिनी-हॉशबर्ग.* ही १९९५ सालची पद्धत वेगळंच वचन देते. 'एकही खोटा फरक नको' असं ती म्हणत नाही. सापडलेल्या फरकांपैकी खोट्यांचं प्रमाण सरासरीनं ५ टक्क्यांच्या आत ठेवते. पी-मूल्यं लहानाकडून मोठ्याकडे लावा, क्रमांकाला ०.०५ नं गुणून एकूण तुलनांनी भागा, आणि शेवटून वर येत जे पहिलं पी-मूल्य आपल्या सीमेच्या आत सापडेल तिथपर्यंतचे सगळे पास. उदाहरणात तिसरं पी-मूल्य ०.००८२, सीमा ०.०१५, पास, चौथं ०.०३७, सीमा ०.०२, नापास, त्यापुढचंही कोणतं बसत नाही. म्हणजे तीन जोड्या. शेकडो वाणांची पहिली चाळणी असेल तर हीच योग्य. पाच गटांच्या प्रयोगातून अंतिम शिफारस करायची असेल तर नाही.

उरल्या त्या पद्धतींबद्दल थोडक्यात. फिशरची एलएसडी म्हणजे दुरुस्ती नसलेली टी-चाचणीच. शेतीविषयक प्रबंधांत 'सीडी' (क्रिटिकल डिफरन्स) म्हणून छापतात तो आकडा बहुधा हाच असतो. आधी एफ लक्षणीय असेल तरच ती वापरायची, हा नियम पाळला तर तीन गटांपर्यंत ती पूर्ण सुरक्षित आहे. चौथा गट आला की ते संरक्षण पुरत नाही. डंकनची १९५५ सालची चाचणी भरपूर फरक दाखवते म्हणून लोकप्रिय आहे. पण तिच्या रचनेतच गटांगणिक सूट वाढत जाते: पाच गटांसाठी ती १ − (०.९५)^४ म्हणजे सुमारे १८.५ टक्के धोका चालवून घेते. मी ती वापरू नका म्हणेन. न्यूमन-क्यूल्सचंही तेच, काही गट सारखे आणि काही वेगळे असतील, तेव्हा तिचा ताबा सुटतो.

आणि एक गैरसमज: टुकी किंवा डनेट वापरायला आधी एफ लक्षणीय असावाच लागतो असं नाही. एकूण धोक्याचा बंदोबस्त त्यांच्या आतच आहे. उलट एफची अट घातल्यानं त्यांची ताकद, म्हणजे खरा फरक पकडण्याची क्षमता, थोडी कमीच होते. एफ लक्षणीय आणि टुकीत एकही जोडी नाही, किंवा याच्या उलट, असं दोन्ही घडू शकतं. त्यात सॉफ्टवेअरची चूक शोधू नका. एफ सगळ्या मिश्र तुलनांकडे एकत्र पाहतो, टुकी फक्त जोड्यांकडे.

पाचवी पायरी: चांदण्या मोजू नका, इंटरव्हल वाचा

टुकीच्या निकालात ब-इ लक्षणीय आणि अ-ड नाही. आता इंटरव्हल काढा: फरक अधिक-उणे ८.६३. ब-इ साठी ०.१७ ते १७.४३. अ-ड साठी −०.२३ ते १७.०३. दोन्ही शेजारी ठेवले तर कोणाही शहाण्या माणसाला त्यांत फरक दिसणार नाही. दोन्ही जोड्यांत फरक शून्याच्या आसपासही असू शकतो आणि सतरा सेंटिमीटरही. तरी एकीवर 'लक्षणीय'ची खूण म्हणून चांदणी येते आणि दुसरीवर नाही, आणि चर्चेच्या प्रकरणात एका जोडीवर दोन पानं लिहिली जातात, दुसरीवर 'फरक आढळला नाही' एवढंच. नाही आढळला असं नाही, ८.४ सेंटिमीटरचा आढळला, फक्त खात्री पुरेशी नाही.

सरासऱ्यांपुढे अक्षरं लावून निकाल दाखवतात, त्या तक्त्यातही हेच सांभाळायचं. टुकीप्रमाणे इ ला 'प', ड आणि क ला 'पफ', ब आणि अ ला 'फ' अशी अक्षरं मिळतात. ज्यांचं एकही अक्षर समान नाही ते लक्षणीय वेगळे. ज्यांचं अक्षर समान आहे त्यांच्यातला फरक सिद्ध झालेला नाही, ते सारखे आहेत असं सिद्ध झालेलं नाही. इथे ड हा इ सारखाही आहे आणि अ सारखाही, पण अ आणि इ वेगळे! 'सारखे' हा शब्द वापरला की असा पेच पडतो. 'वेगळेपणा दाखवता आला नाही' म्हटलं की पेच उरत नाही.

इंटरव्हल इतके रुंद का, याचं उत्तर प्रत्येक गटातल्या आठ रोपांत आहे. दुरुस्तीची किंमत नमुना ठरवतानाच मोजायला हवी. दहा तुलना बॉनफेरोनीनं करायच्या आणि ताकद ८० टक्केच ठेवायची असेल, तर एका तुलनेसाठी लागला असता त्याच्या सुमारे १.७ पट नमुना लागतो. तेवढा परवडत नसेल तर गट कमी करा किंवा तुलना कमी करा. प्रयोग झाल्यावर सैल पद्धत शोधणं हा त्यावरचा उपाय नाही.

सॉफ्टवेअरमध्ये कुठे पाय घसरतो

एसपीएसएस बॉनफेरोनीसाठी मर्यादा लहान करत नाही, पी-मूल्यालाच तुलनांच्या संख्येनं गुणून दाखवतं. ते ०.०५ शीच ताडायचं असतं. ते पुन्हा ०.००५ शी ताडणं म्हणजे एकाच गुन्ह्याची शिक्षा दोनदा. तिथेच डनेट निवडल्यावर नियंत्रण गट म्हणून 'शेवटचा' गृहीत धरलेला असतो. तुमचं नियंत्रण पहिलं असेल तर ते बदला. आणि 'एस्टिमेटेड मार्जिनल मीन्स'च्या तुलनांत आधीपासून निवडलेला पर्याय एलएसडी असतो, म्हणजे दुरुस्ती शून्य.

आर या सॉफ्टवेअरमध्ये गटांना १ ते ५ असे आकडे दिले असतील, तर आधी त्या स्तंभाचा फॅक्टर (आकड्यांना नुसती गटांची नावं मानणारा प्रकार) करून घ्या. नाहीतर ॲनोव्हाच्या तक्त्यात गटांसमोर ४ ऐवजी १ स्वातंत्र्यांश दिसेल. म्हणजे सॉफ्टवेअरनं पाच गटांऐवजी एक सरळ रेषा बसवली आहे. जोडीवार टी-चाचणीचं तिथलं फंक्शन काही न सांगता होल्म लावतं आणि एकत्रित प्रमाण विचलन वापरतं, हे अहवालात लिहायला विसरू नका. एक्सेलच्या ॲनालिसिस टूलपॅकमध्ये ॲनोव्हा आहे, पण पुढच्या तुलना नाहीत. तिथे प्रत्येक जोडीची वेगळी टी-चाचणी करण्यापेक्षा तक्त्यातला एमएसई घ्या आणि वर दाखवल्याप्रमाणे सीमा हातानं काढा. ते जास्त अचूक आहे.

एकाच व्यक्तीची पुन्हा पुन्हा मोजमापं घेतली असतील तर साधी टुकी नको. जोडीच्या टी-चाचण्या करून त्यांवर होल्म लावा. प्रत्यक्ष मोजमापांऐवजी त्यांच्या क्रमांकांवर आधारित क्रुस्कल-वॉलिस चाचणी केली असेल तर पुढे डनची १९६४ सालची चाचणी, तीही होल्मसह. ही डन म्हणजे बॉनफेरोनीवाल्या ऑलिव्ह डनच; डनेट वेगळे. नावं गुंतल्यामुळे चुकीचं बटण दाबलेले प्रबंध पुष्कळ आहेत.

अहवालात लिहायचं वाक्य असं काहीसं असावं: 'पाच गटांच्या सरासरी उंचीची तुलना एकमार्गी ॲनोव्हानं केली, एफ (४, ३५) = ४.७७. सर्व दहा जोड्यांची तुलना प्रयोगाआधी ठरल्याप्रमाणे टुकीच्या पद्धतीनं, एकूण ५ टक्के धोका धरून केली. इ ची सरासरी उंची अ पेक्षा १२.० सेंटिमीटरनं जास्त होती, ९५ टक्के एकत्रित इंटरव्हल ३.४ ते २०.६, ब पेक्षा ८.८ सेंटिमीटरनं जास्त, इंटरव्हल ०.२ ते १७.४. इतर आठ जोड्यांचे फरक आणि इंटरव्हल तक्त्यात दिले आहेत.' 'प्रयोगाआधी ठरल्याप्रमाणे' हे शब्द खरे असतील तरच लिहा. खरे नसतील तर त्या जागी 'आकडे पाहिल्यानंतर' असं लिहा आणि पद्धतही त्याप्रमाणे बदला.